बाजाराला मोकळीक, बोलण्याला कुलूप

नव्वदचे दशक संपत आले होते. जॉर्डनची राजधानी अम्मान इथे समीह तूकान आणि हुसाम खूरी हे दोन तरुण एक छोटी सल्लागार कंपनी चालवत होते. जगभर ई-मेल फुकट मिळू लागले होते, पण अरबी माणसाला ते वापरायचे तर आधी इंग्रजी यायला हवे, अशी स्थिती होती. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेते. त्या काळच्या बहुतेक परदेशी सेवांना हे जमत नव्हते. तरुणांनी त्यावर आपणच तोड काढली होती. अरबी शब्द रोमन अक्षरांत टंकायचे, आणि ज्या ध्वनींना रोमन अक्षर नाही तिथे दिसायला जवळचा आकडा घालायचा. घशातल्या ‘ऐन’साठी तीनचा आकडा, खोल ‘ह’साठी सातचा. मोबाइलवरचे संदेश आणि इंटरनेटवरच्या गप्पा अशा आकडेमिश्रित अरबीत वर्षानुवर्षे चालल्या.

तूकान आणि खूरी यांनी या अडचणीतच व्यवसाय शोधला. त्यांनी अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालणारी ‘मक्तूब’ ही सेवा सुरू केली. वेबवर चालणारी पहिली अरबी ई-मेल सेवा म्हणून ती ओळखली जाते. त्यांच्या पाठीशी सुरुवातीलाच उभे राहिलेल्यांत फादी घंदूर होते. घंदूर यांनी १९८२ साली ‘अरामेक्स’ ही कुरिअर कंपनी काढली होती आणि १९९७ साली ती अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात पोचली होती. तिथे नोंद झालेली ती पहिली अरब कंपनी. अम्मानमधून जगाच्या बाजारात जाता येते, हे त्यांनी करून दाखवले होते.

‘मक्तूब’नंतरच्या दोन दशकांचा इतिहास सहसा दोन वेगळ्या कहाण्यांत सांगितला जातो. एक कहाणी फेसबुक, ट्विटर आणि कोसळलेल्या राजवटींची. दुसरी दुबईतल्या कोट्यवधी डॉलरच्या कंपन्यांची. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे. तीच पिढी, त्याच तारा आणि तीच सरकारे दोन्हीकडे दिसतात. एका हाताने या सरकारांनी बाजार मोकळा केला आणि दुसऱ्या हाताने बोलणे बंद केले. हे कसे घडले ते क्रमाने पाहायला हवे.

पिढी तरुण, तारा सरकारच्या

२००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने अरब मानव विकासाचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता, म्हणून त्याचा चटका जास्त बसला. अरब समाजांत तीन गोष्टींची टंचाई आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते: स्वातंत्र्य, स्त्रियांना संधी आणि ज्ञान. लोकसंख्येचा मोठा भाग लहान मुलांचा आणि तरुणांचा होता. इंटरनेट वापरणारे मात्र अवघे ०.६ टक्के.

टेलिफोनच्या तारा बहुतेक देशांत सरकारी कंपनीच्या ताब्यात होत्या. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीही सरकारच्याच मर्जीने चालत. या व्यवस्थेला पहिले भगदाड १९९६ साली पाडले ते कतारमधून सुरू झालेल्या ‘अल जझीरा’ने. घराच्या गच्चीवरची तबकडी कोणत्या वाहिनीकडे वळवायची हे माहिती मंत्रालय ठरवू शकत नव्हते. विरोधी पक्षाचा माणूस पडद्यावर बसून सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारतो, हे दृश्य लाखो घरांत पहिल्यांदाच दिसले.

या टंचाईवर इंटरनेट हा उपाय आहे, असे सरकारांनाही वाटत होते. मात्र त्यांच्या मनात होते ते रोजगाराचे आणि परदेशी गुंतवणुकीचे इंटरनेट. जॉर्डनमध्ये १९९९ साली गादीवर आलेल्या राजे अब्दुल्ला दुसरे यांनी माहिती तंत्रज्ञानाला राष्ट्रीय कार्यक्रमाचा दर्जा दिला. दुबईने ऑक्टोबर २००० मध्ये ‘दुबई इंटरनेट सिटी’ उघडली. तिथे परदेशी कंपनीला स्थानिक भागीदाराशिवाय पूर्ण मालकी ठेवता येत होती. एरवी देशात ही सवलत नव्हती.

इजिप्तने सर्वांत धाडसी पाऊल उचलले. जानेवारी २००२ मध्ये दूरसंचार मंत्री अहमद नझीफ यांनी ‘मोफत इंटरनेट’ योजना आणली. वर्गणी नाही, फक्त स्थानिक फोनकॉलचा खर्च भरायचा. कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या गल्ल्यांत इंटरनेट कॅफे उभे राहिले. नझीफ २००४ साली पंतप्रधान झाले. घरोघरी इंटरनेट नेणाऱ्या या मंत्र्याच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, सात वर्षांनी, अख्ख्या देशाचे इंटरनेट एका रात्रीत बंद होणार होते.

अम्मानची कंपनी विकली जाते

दरम्यान ‘मक्तूब’ वाढत होते. ई-मेलपाठोपाठ बातम्या, चर्चा, खेळ आणि लिलाव आले. पैसे कसे घ्यायचे, हा मोठा प्रश्न होता. क्रेडिट कार्ड थोड्यांकडेच होते, आणि ज्यांच्याकडे होते तेही त्याचा क्रमांक संगणकावर टाकायला घाबरत. म्हणून ‘कॅशयू’ नावाची आगाऊ पैसे भरायची सोय आली. दुकानातून रोखीने कार्ड घ्यायचे आणि त्यावरचा आकडा टाकून इंटरनेटवर खर्च करायचा.

२००५ साली याच गटातून दुबईत ‘सूक’ हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले. ते उभारणारे रोनाल्डो मुशव्वर मूळचे सीरियातल्या अलेप्पोचे, शिक्षण अमेरिकेतल्या बॉस्टनचे. अम्मानची कंपनी, दुबईचे कार्यालय आणि अलेप्पोचा अभियंता हे तेव्हाचे नेहमीचे गणित होते. अरब देशांच्या सरकारांना जी एकजूट जमली नाही, ती या पिढीने व्यवसायात सहज साधली.

२५ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेच्या ‘याहू’ने मक्तूब विकत घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा मक्तूबचे वापरकर्ते १ कोटी ६० लाखांच्या पुढे होते. जगात ३२ कोटींहून अधिक लोक अरबी बोलतात, पण इंटरनेटवरचा एक टक्काही मजकूर अरबीत नाही, असे याहूनेच तेव्हा सांगितले. व्यवहार सुमारे १६ कोटी डॉलरचा होता. सूक, कॅशयू आणि आणखी काही उपक्रम मात्र संस्थापकांनी आपल्याकडेच ठेवले आणि त्यांसाठी ‘जब्बार’ हा वेगळा समूह काढला.

या विक्रीने अरब तरुणांच्या मनावर खोल परिणाम केला. तेल नाही, राजघराण्याशी नाते नाही, सरकारी कंत्राट नाही, तरी केवळ संगणकावर उभी केलेली गोष्ट जगाने पैसे मोजून घेतली. पण याच व्यवहाराने दुसरे एक वळणही आणले. अरबी बोलण्याचा हा मोठा अड्डा आता कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या मालकीचा झाला. याहूने पुढे काही वर्षांतच कैरो आणि अम्मानमधली आपली कार्यालये बंद केली. त्याच २००९ सालच्या मार्चमध्ये फेसबुक अरबीत आले होते. लोक तिकडे वळले. आपले बोलणे कोणाच्या अंगणात चालले आहे, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

गिरणी, कॅफे आणि फळगाडी

इजिप्तमध्ये २००४ पासून ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती. अला अब्देल फत्ताह आणि मनाल हसन या संगणक जाणणाऱ्या जोडप्याने देशभरचे ब्लॉग एका ठिकाणी आणून दाखवायला सुरुवात केली. वाएल अब्बास पोलिसांच्या छळाच्या चित्रफिती प्रसिद्ध करत. कोठडीत एका मिनीबस चालकावर झालेल्या अत्याचाराची चित्रफीत अशीच बाहेर आली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दोन पोलिसांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. पोलिसाला शिक्षा होऊ शकते ही गोष्टच लोकांना नवी होती.

याच काळात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या महल्ला अल-कुब्रा या गिरणगावात कापड कामगारांचे संप सुरू होते. ब्रेडचे भाव चढले होते. ६ एप्रिल २००८ रोजी तिथल्या कामगारांनी संप पुकारला. त्याला पाठिंबा म्हणून इसरा अब्देल फत्ताह आणि अहमद माहेर या तरुणांनी फेसबुकवर गट काढला आणि सर्वांनी घरी बसावे, अशी हाक दिली. गटात सुमारे ७० हजार लोक जमले. महल्लामध्ये दगडफेक आणि गोळीबार झाला, इसरा यांना अटक झाली. कामगारांची चळवळ आणि संगणकासमोरचे शहरी तरुण एकमेकांना दिसले, ते तेव्हा.

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियातल्या एका इंटरनेट कॅफेतून साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला ओढून नेले आणि मरेपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळल्याने तो गुदमरून मेला, असे पोलिसांनी सांगितले. शवागारात काढलेला त्याच्या चेहऱ्याचा फोटो इंटरनेटवर आला, आणि तुटलेला जबडा पाहणाऱ्या कोणालाही ते पटले नाही.

दुबईत गुगलच्या विपणन विभागात काम करणारे वाएल घोनीम हे इजिप्शियन गृहस्थ तो फोटो पाहून हादरले. त्यांनी नाव गुप्त ठेवून ‘आम्ही सगळे खालिद सईद’ या अर्थाचे फेसबुक पान काढले. अब्देल रहमान मन्सूर हा तरुण त्यांचा सहकारी होता. घोनीम बाजाराच्या जगातले होते. लोकांना काय आवडते, कशाने ते एक पाऊल पुढे येतात, हे समजून घेणे त्यांचे कामच होते. त्यांनी घोषणा, मोर्चा, पक्ष यांपासून सुरुवात केली नाही. आधी स्वतःचा फोटो फलक धरून पाठवा, असे सांगितले. मग आणीबाणीच्या कायद्याखाली मोर्चाला बंदी असल्याने नुसते उभे राहायचे ठरले. जूनच्या एका शुक्रवारी अलेक्झांड्रियाच्या समुद्रकिनारी शेकडो तरुण-तरुणी काळे कपडे घालून, एकमेकांत अंतर ठेवून, समुद्राकडे तोंड करून गप्प उभे राहिले. काहींच्या हातात कुराण, काहींच्या हातात बायबल. कोणता गुन्हा लावावा हे पोलिसांनाही सुचेना.

या पानावरही मालकाची सत्ता चालतेच, हे नोव्हेंबर २०१० मध्ये कळले. चालकाने खरे नाव दिले नाही, या कारणाने फेसबुकने ते काढून टाकले. निवडणूक तोंडावर होती. अमेरिकेत राहणारी एक महिला आपल्या खऱ्या नावाने जबाबदारी घ्यायला तयार झाली, तेव्हाच ते परत आले.

ठिणगी पडली ती ट्युनिशियात. १७ डिसेंबर २०१० रोजी सीदी बूजीद या आतल्या, दुर्लक्षित गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने पालिकेच्या माणसांनी माल आणि वजनकाटा जप्त केल्यावर सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. ट्युनिशियात यूट्यूबवर २००७ पासून बंदी होती. फेसबुकही २००८ साली काही दिवस बंद केले होते, पण ओरड झाल्यावर सरकारने ते पुन्हा उघडले होते. एक कोटीच्या देशात सुमारे वीस लाख लोक ते वापरत. बुअझीझीच्या नातलगाने निषेधाची चित्रफीत फेसबुकवर टाकली, ‘अल जझीरा’ने ती उचलली, आणि सरकारी वाहिनीने लपवलेली बातमी घरोघरी दिसली. सरकारने फेसबुकच्या प्रवेशपानात गुप्तपणे संगणकीय ओळी घुसवून लोकांचे पासवर्ड चोरायला सुरुवात केली. फेसबुकने मग देशातले सारे व्यवहार सुरक्षित जोडणीवर नेले. १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. त्याच रात्री घोनीम यांच्या पानावर इजिप्तसाठी तारीख ठरली: २५ जानेवारी, पोलीस दिन.

तेरा मिनिटे

२५ जानेवारीला कैरोच्या तहरीर चौकात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आली. सरकारने आधी ट्विटर अडवले, मग फेसबुक. शुक्रवार २८ जानेवारीला नमाजानंतर मोठ्या मोर्च्यांची हाक होती. गुरुवारची मध्यरात्र उलटली आणि जगभरच्या जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘रेनेसिस’ या अमेरिकी कंपनीच्या पडद्यावर विलक्षण दृश्य दिसू लागले.

इंटरनेटवर प्रत्येक सेवादार आपल्याकडे यायचा रस्ता जगाला सतत सांगत असतो. तो रस्ता मागे घेतला की तार शाबूत असली तरी तो सेवादार जगासाठी नाहीसा होतो. बारा वाजून बारा मिनिटांनी टेलिकॉम इजिप्तचे रस्ते नाहीसे झाले. मग राया, मग लिंक, मग एतिसलात मिस्र, आणि बारा पंचवीसला इंटरनेट इजिप्त. तेरा मिनिटांत मोठे सेवादार एकापाठोपाठ एक गेले. सुमारे ३,५०० रस्ते मागे घेतले गेले होते. कुठेही स्फोट झाला नव्हता, कोणी तार कापली नव्हती. एकेका कंपनीला फोन गेला असावा, असाच तो क्रम होता. शेअर बाजाराला सेवा देणारी ‘नूर’ ही छोटी कंपनी तेवढी आणखी काही दिवस चालू राहिली. सकाळी मोबाइलही बंद झाले.

या घटनेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या, युरोपकडे जाणाऱ्या मोठ्या समुद्री तारा इजिप्तच्या भूमीवरून भूमध्य समुद्रात उतरतात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा भारतातल्या सेवादारांची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली होती. २८ जानेवारी २०११ च्या रात्री मात्र मुंबईला काही जाणवले नाही. भारत आणि युरोप यांच्यातली वाहतूक इजिप्तच्या जमिनीतून बिनधोक चालू होती, आणि त्याच जमिनीवरचे आठ कोटी लोक जगापासून तोडलेले होते. परदेशी व्यवहाराला हात लावायचा नाही आणि आपल्याच माणसांचा आवाज बंद करायचा, ही नीती त्या रात्री तारांच्या पातळीवर स्पष्ट दिसली.

बंदीने उलटेच घडले. घरात बसून बातमी वाचणारी माणसे काय चालले आहे ते पाहायला रस्त्यावर उतरली. फोन लागत नसल्याने आई-बाप मुलांना शोधायला निघाले. २८ तारीख उठावाचा सर्वांत निर्णायक दिवस ठरली. संध्याकाळपर्यंत पोलीस रस्त्यावरून हटले होते आणि सत्ताधारी पक्षाचे मुख्यालय पेटले होते. इंटरनेट २ फेब्रुवारीला परत आले. घोनीम यांना २७ जानेवारीच्या रात्री पकडले होते. ७ फेब्रुवारीला सुटल्यावर दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत मृत तरुणांचे फोटो पाहून त्यांना रडू आवरले नाही. ११ फेब्रुवारीला अध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले.

या उठावाला ‘फेसबुक क्रांती’ म्हणणे महल्लाच्या गिरणी कामगारांवर आणि पोलिसांच्या गोळ्या झेललेल्यांवर अन्याय करणारे आहे. सर्वांत मोठी लढाई इंटरनेट बंद असताना झाली, हाच त्याचा सर्वांत पक्का पुरावा. फेसबुकने एकट्या पडलेल्या माणसाला आपल्यासारखे आणखी लाखो आहेत हे दाखवले. हे काम लहान नव्हते. पण निवडणूक लढवायला पक्ष लागतो, आणि मुबारक गेल्यावर संघटना उरली होती ती मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी चळवळ आणि लष्कर या दोघांकडेच. निवडणूक ब्रदरहूडने जिंकली, पण जुलै २०१३ मध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली. नोव्हेंबरमध्ये निदर्शनांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि अला अब्देल फत्ताह पुन्हा तुरुंगात गेले.

दारावर रोख रक्कम

चौक बंद होत गेले, तशी या पिढीची बरीच शक्ती बाजाराकडे वळली. कैरोत २०११ साली ‘फ्लॅट सिक्स लॅब्ज’ ही नव्या कंपन्यांना हात देणारी संस्था निघाली. अम्मानमध्ये ‘ओअ‍ॅसिस ५००’ त्याच सुमारास काम करू लागली होती.

सर्वांत झपाट्याने वाढली ती दुबईची ‘सूक’. लिलाव सोडून तिने थेट विक्री धरली. गिऱ्हाईक आगाऊ पैसे द्यायला तयार नव्हते, म्हणून दारात वस्तू पाहून रोख पैसे द्यायची सोय केली. बऱ्याच शहरांत घराला नीट पत्ता नव्हता. पोचवणारा मुलगा फोन करून विचारायचा, मशिदीच्या पुढे की मागे, औषधाच्या दुकानावरून डावीकडे की उजवीकडे. सूकने स्वतःची पोचवणी यंत्रणा उभारली. अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या विक्रीला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. शुक्रवार हा मुसलमानांचा पवित्र वार, त्याला काळा कसे म्हणायचे, म्हणून २०१४ साली सूकने ‘व्हाइट फ्रायडे’ सुरू केला. आज अरब जगात ती मोठी प्रथा झाली आहे.

२०१२ साली दुबईतच ‘करीम’ सुरू झाली. मुदस्सिर शेखा हे कराचीचे आणि माग्नुस ओल्सन हे स्वीडनचे. दोघेही मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतले. पुढे सौदी अरेबियाचे अब्दुल्ला इल्यास त्यांना येऊन मिळाले. उबर आधीच जगभर पसरू लागली होती, पण ती कार्डावर चालायची. करीमने रोख पैसे घेतले, आदल्या दिवशी गाडी ठरवायची सोय दिली आणि चालकाला ‘कॅप्टन’ म्हटले. सौदीत स्त्रियांना गाडी चालवायची परवानगी नव्हती. नोकरीला, दवाखान्यात, कॉलेजला जायचे तर घरातल्या पुरुषाची किंवा पगारी चालकाची वाट पाहावी लागे. तिथे करीम आणि उबर यांच्या प्रवाशांत बहुसंख्या स्त्रियांचीच होती. फोनवरच्या एका बटणाने त्यांना निदान घराबाहेर पडण्याची वेळ स्वतः ठरवता आली.

आठ दिवसांचे अंतर

२८ मार्च २०१७ रोजी ‘अ‍ॅमेझॉन’ने सूक विकत घेत असल्याचे जाहीर केले. किंमत ५८ कोटी डॉलर. दुबईत आनंद झाला आणि तो साहजिक होता.

त्याच्या आठच दिवस आधी, २० मार्चला, त्याच देशातल्या, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतल्या, अजमान शहरात रात्री सुरक्षा दलाची माणसे अहमद मन्सूर यांच्या घरात शिरली. मन्सूर हे अभियंते आणि कवी. मानवी हक्कांसाठी लिहिणारे, बोलणारे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या फोनवर संदेश आला होता: तुरुंगांतल्या छळाची गुप्त माहिती हवी असेल तर ही लिंक उघडा. त्यांनी ती उघडली नाही. टोरँटोच्या ‘सिटिझन लॅब’कडे पाठवली. तपासात निघाले की ती उघडली असती तर इस्रायलच्या ‘एनएसओ’ कंपनीचे ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरले असते. ‘अ‍ॅपल’ने जगभरच्या आयफोनसाठी तातडीने दुरुस्ती पाठवली. मन्सूर यांच्या सावधपणामुळे कोट्यवधी लोकांचे फोन सुरक्षित झाले. त्यांना स्वतःला २०१८ साली दहा वर्षांची शिक्षा झाली, ती समाजमाध्यमांवरच्या लिखाणासाठी. २०२४ मध्ये आणखी एका सामूहिक खटल्यात पंधरा वर्षे वाढली.

हेच चित्र शेजारीही दिसते. मे २०११ मध्ये मनाल अल-शरीफ या संगणक सुरक्षेतल्या तज्ज्ञ महिलेने सौदीत गाडी चालवतानाची स्वतःची चित्रफीत यूट्यूबवर टाकली आणि तिला अटक झाली. २०१६ साली सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने उबरमध्ये साडेतीन अब्ज डॉलर घातले. जून २०१८ मध्ये स्त्रियांवरची वाहनबंदी उठली. पण त्यासाठी झगडलेल्या लुजैन अल-हथलूल यांच्यासह अनेकींना काही आठवडे आधीच तुरुंगात टाकले होते. हक्क हे राज्यकर्त्याने दिलेले दान आहे, लोकांनी मिळवलेले नाही, हे ठसवण्यासाठीच हे होते. २०१९ साली अमेरिकेत ट्विटरच्या दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदीसाठी वापरकर्त्यांची माहिती काढल्याचे आरोप ठेवले गेले आणि त्यातला एक २०२२ मध्ये दोषी ठरला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एका सौदी महिलेला ट्वीटसाठी अपिलात ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली आणि २०२५ मध्ये तिची सुटका झाली.

इजिप्तने २०१७ पासून बातम्यांची अनेक संकेतस्थळे अडवली. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून जास्त अनुयायी असलेले कोणतेही वैयक्तिक खाते माध्यमसंस्थेप्रमाणे नियंत्रणाखाली आणले. २०११ मध्ये अख्खे इंटरनेट बंद करून हात पोळले होते. आता बाजार चालू ठेवून एकेक तोंड बंद करण्याचे तंत्र हाती आले.

काय कमावले, काय गमावले

मार्च २०१९ मध्ये उबरने करीम घेत असल्याचे जाहीर केले. किंमत ३.१ अब्ज डॉलर. दहा वर्षांत अरब भूमीवर उभ्या राहिलेल्या कंपनीची किंमत १६ कोटींवरून ३१० कोटींवर गेली होती.

या कमाईला कमी लेखता येणार नाही. मक्तूबचा पैसा आणि अनुभव सूकमध्ये उतरला. करीममध्ये शिकलेली माणसे पुढे स्वतःच्या कंपन्या काढू लागली. कैरोच्या ‘स्विव्हल’ बससेवेचे संस्थापक मुस्तफा कंदील त्यांतलेच. अरब तरुण फक्त सरकारी नोकरी मागतो, हा समज या पिढीने कायमचा मोडला. पत्ता नसलेल्या घरी वस्तू पोचवणे, कार्ड नसलेल्या माणसाकडून पैसे घेणे, हे प्रश्न त्यांनी आपल्या बुद्धीने सोडवले. परदेशी कंपन्यांना ते जमले नव्हते, म्हणूनच त्यांनी या कंपन्या विकत घेतल्या.

पण तिन्ही मोठ्या व्यवहारांत विकत घेणारा अमेरिकी होता, हे विसरता येत नाही. कैरो, बैरूत आणि अम्मानची हुशार माणसे दुबई आणि रियाधकडे गेली. लेबनॉनची अर्थव्यवस्था २०१९ नंतर कोसळली, तेव्हा तिथे वाढलेल्या ‘अंघामी’ या संगीतसेवेने आपले मुख्यालय अबुधाबीला हलवले. भांडवलही बदलले. अम्मानमध्ये सुरुवात झाली ती व्यापाऱ्याच्या खासगी पैशावर. आता सर्वांत मोठा गुंतवणूकदार सरकारी निधी आहे, आणि ज्याच्या पैशावर कंपनी उभी राहते त्याच्याविरुद्ध तिच्या पानावर कोणी लिहू शकेल, ही आशा फोल आहे.

सर्वांत मोठे नुकसान विश्वासाचे झाले. बाजारही अखेर त्याच्यावरच चालतो. करार मोडला तर न्यायालय स्वतंत्रपणे निकाल देईल, कंपनीतला घोटाळा पत्रकार निर्भयपणे छापेल, फोनमधले खासगी बोलणे खासगी राहील, याची खात्री नसेल तर व्यवसाय सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर टिकतो आणि ती मर्जी कधीही फिरू शकते. ट्युनिशियात २०११ नंतर दहा वर्षे मोकळी हवा होती, पण रोजगार आले नाहीत. आखातात पैसा आला, मोकळी हवा आली नाही. एकट्या स्वातंत्र्याने पोट भरत नाही आणि एकट्या पैशाने माणूस निर्भय होत नाही, हे दोन्ही धडे एकाच भूमीने एकाच दशकात दिले.

करीमचे ३.१ अब्ज आणि सूकचे ५८ कोटी अरब इंटरनेटच्या इतिहासात ठळक नोंदवले जातील, आणि नोंदवले जावेतच. पण खालिद सईदचा जीव आणि अहमद मन्सूर यांना सुनावलेली पंचवीस वर्षे याच इतिहासाच्या खर्चाच्या बाजूला आहेत. ज्या अंगांनी ही पिढी मोठी झाली, त्यांतले एक, म्हणजे मोकळे बोलणे, आज तुरुंगात आहे. ते बाहेर येईपर्यंत या यशाला पूर्ण म्हणता येणार नाही.